जहाजावरचा निळा माणूस

(मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्यासोबत पांढरकवड्याच्या एका छोट्या घरात चला. भिंतीवर शिडांच्या जहाजाचं मोठं चित्र आहे. फार वर्षांपूर्वी चीनमधल्या कुणा चित्रकारानं ते तेलरंगांत रंगवलं. तुळसाआजी घर झाडूनपुसून काढते आहे. तिचा धाकटा मुलगा राजदीप आणि सात वर्षांची नात मैत्रेयी जवळच आहेत. आता ऐका.)

मैत्रेयी : आजी, थांब! पुसू नको!

तुळसाबाई : काहून वं? किती काजळी बसली होती, पाह्य. आता कसं चमकून राह्यलं.

मैत्रेयी : पण माहा बाबा कुठं गेला? इथं दोरीजवळ उभा होता, निळा सदरा घालून. तूच तर दाखवला होता.

राजदीप : माय, कशानं पुसलंस हे?

तुळसाबाई : सोड्याच्या पाण्यानं. साऱ्याच फोटोंले तेच लावते मी.

राजदीप : अगं, याला काच कुठं आहे? हे कापडावर रंगवलेलं चित्र. सोड्यानं रंगच निघाला. फडकं पाहा, निळं झालं.

मैत्रेयी : म्हणजे बाबा फडक्यात आला?

राजदीप : नाही गं बाळा.

मैत्रेयी : मंग पुन्हा काढ ना त्याले. तू तर शाळेत शिकवतो.

राजदीप : मला नाही जमणार. चीनच्या बंदरात असे चित्रकार असायचे. आपल्याकडचा कापूस घेऊन जहाज तिथं पोचलं, की कप्तान म्हणायचा, माझं जहाज काढून दे. मग ते चित्र तो घरी न्यायचा.

मैत्रेयी : कायले?

राजदीप : घरच्यांना दिसावं, आपला माणूस कशावर बसून गेला ते.

मैत्रेयी : आपल्या घरी कसं आलं?

तुळसाबाई : तुह्या आजोबानं आणलं. ते कापसाच्या जिनिंगात चौकीदार होते. जिनिंग बंद पडली, शेठचा बंगला रिकामा झाला, तवा भेटलं. तुहा बाप याच्याच खाली निजे. म्हणे, माय, मी बी जाईन समुद्रावर.

मैत्रेयी : अन् गेला. पण आता तर जहाजावर कोणीच नाही. आईले विचारलं तर ती म्हणते, आजीले विचार. सांग ना, कुठं हाये बाबा?

राजदीप : (आईच्या कानाशी) माय, उद्या अतुलदादाला जाऊन वर्ष होतं. भन्तेजी येतील, त्याच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी आहे, गर्दी होईल. तिला बाहेरून कळायला नको.

तुळसाबाई : तू सांग नं.

राजदीप : माझं ऐकेल, पण खरं तुझंच वाटेल तिला.

तुळसाबाई : ये मैत्रू, मांडीवर बस. तुहा बाबा ह्या जहाजावर नव्हता वं. त्याचं लोखंडाचं होतं, लई मोठं. वादळात त्याले लाटेनं नेलं. लोकायनं लई शोधलं. नाही सापडला.

मैत्रेयी : मंग तो येत नाही?

तुळसाबाई : नाही.

मैत्रेयी : दिवाळीले बी नाही?

तुळसाबाई : नाही माय माही. मी त्याचं तोंडही पाह्यलं नाही शेवटचं. मंग फोटोले हार कसा घालू? पेटीत ठेवून देला फोटो.

मैत्रेयी : मले पाहू दे.

तुळसाबाई : घे. हळू धर.

मैत्रेयी : हसून राह्यला.

राजदीप : दे इकडं. बुद्धांच्या फोटोशेजारी लावतो.

मैत्रेयी : तिथं नको काका. इथं ठोक खिळा.

राजदीप : एवढ्या खाली? असे फोटो वर लावतात, बाळा.

मैत्रेयी : वर माहा हात पुरत नाही. उद्या हार मी घालीन.