अकरा मुले आणि बाहेरून लागलेले कुलूप

मी, मुले व पालक ज्यांना 'पावताई' म्हणून ओळखतात ती, वय ३६ वर्षे, धंदा लहान मुलांचे स्वयंपाकाचे वर्ग व वाढदिवस घेणे, राहणार पाण्याच्या टाकीमागचे दुमजली घर, वरचा मजला. आज चौकीत स्वतःहून येऊन सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती, नऊ वर्षांची मुलगी, सासूबाई व मोठे दीर राहतो. पती छापखान्यात आहेत. दीर फरशी बसवण्याची कामे घेतात. लग्नाआधी मी बेकरीत कामाला होते. तीन वर्षांपूर्वी मुलीच्या वर्गातल्या चार मैत्रिणींना आमच्या स्वयंपाकघरात पाव करायला शिकवले, तेव्हापासून हे सुरू झाले. घरभर पीठ होते म्हणून सासूबाईंनी वर बंद करायला सांगितले. मग खालची रिकामी खोली मिळाली. तिच्या भिंती पतींनी दोन रविवार खपून हिरव्या रंगवल्या. मुलांचा हात पोचावा म्हणून ओट्याची उंचीही त्यांनीच कमी करून दिली.

गेल्या महिन्यापासून दीर ती खोली फरशांचा माल ठेवायला मागत होते. शुक्रवारी जेवताना विषय निघाला. पुढचे चार वाढदिवस ठरलेले आहेत, तेवढे होऊ द्या, असे मी म्हणाले. त्यावर दीर पतींना म्हणाले, "दाराला कुलूप लागलं की धंदा आपोआप बंद होतो. तुला जमत नसेल तर मी लावतो." पतींनी ताटातली वाटी सरळ केली.

आज रविवारी दुपारी अडीच वाजता एका मुलीचा आठवा वाढदिवस होता. सहा ते नऊ वयाची अकरा मुले होती. पालक पाच वाजता न्यायला येणार होते. माझ्या मुलीला ताप असल्याने ती वर सासूबाईंजवळ होती. आम्ही कणकेची कासवे करत होतो. तीन वाजून दहा मिनिटांनी, मी भट्टीत पहिला ट्रे सरकवत असताना दार लागल्याचा आवाज आला. वारा असेल असे वाटले. मग कडी वाजली, पाठोपाठ कुलूप लागले.

मी खिडकीशी गेले. खिडकीला गज आहेत. दीर रस्त्याकडे चालले होते. मी म्हणाले, "भाऊजी, मुलं आत आहेत." त्यांनी मागे न बघता हात वर केला व निघून गेले. आत कोणी आहे हे माहीत नव्हते, असे ते सांगतात असे मला आता कळले. आमचे दार बाहेर उघडते, त्यामुळे ते लावायचे तर पायरीवरच्या चपला हलवाव्या लागतात. नंतर पाहिले तेव्हा अकरा जोड भिंतीशी ओळीने लावलेले होते.

मी गॅस व भट्टी बंद केली व पतींना फोन केला. ते वरच होते, छतातून त्यांची पावले ऐकू येत होती. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला. म्हणाले, "भाऊ फरशांची गाडी आणायला गेलाय, येईल तासाभरात. तोवर आरडाओरडा करू नकोस, लोक जमतील." त्यानंतर पावले थांबली.

मी आरडाओरडा केला नाही. मुलांना सांगितले की कणीक फुगेपर्यंत दार उघडायचे नसते, ती लाजते. त्यांना खरे वाटले. जिला सगळे भोपळी म्हणतात ती सहा वर्षांची मुलगी कानात येऊन म्हणाली, मला शू आली आहे. बादली दाखवली, पण तोवर फ्रॉक भिजला होता. माझा एप्रन तिला गुंडाळला व हे आपल्या दोघींतच ठेवू असे सांगितले.

समोर सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानदार पूर्ण वेळ मला दिसत होते. तीन दहा ते चार पाच, अशी पंचावन्न मिनिटे मी त्यांना हाक मारली नाही. हे पालकांना कळले तर उद्यापासून एकही मूल येणार नाही, हे माझ्या मनात होते. तो दोष माझा आहे, तो तसाच लिहावा.

चार वाजता वाढदिवसाच्या मुलीला उलटी झाली. खोलीत हवा नव्हती. एक मुलगा रडू लागला, मग सगळीच. तेव्हा मी हाक मारली. सायकलवाल्यांनी सळईने कोयंडा उचकटला. चार वाजून वीस मिनिटांनी मुले बाहेर आली, मी मोजून घेतली. कोणालाही इजा नाही. पाच वाजता प्रत्येक पालकाला मी स्वतः घडले ते सांगितले. दोन आयांनी मुलांचे हात धरले व त्या सरळ निघून गेल्या.

मी चौकीकडे निघताना सासूबाई जिन्यात म्हणाल्या, "कडी आपोआप पडली म्हण. परत याच घरात यायचंय तुला." ते खरे आहे. मुलगी तिथेच आहे.

कुलपाची दुसरी किल्ली घरात होती काय, असे हवालदार बाईंनी विचारले. होती. वर स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला असते. पतींना माहीत होते काय, असे विचारले. खिळा त्यांनीच ठोकला आहे.

हा मजकूर हवालदार बाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. शेवटच्या, खिळ्याच्या ओळीपाशी त्या थांबल्या व म्हणाल्या, नवरा बाहेर बाकावर बसलाय, हे राहू द्यायचं का? मी राहू द्या म्हणाले. सर्व मी बोलले तसेच व खरे आहे, म्हणून खाली सही करते.