बटाट्याची पिवळी भाजी

लोणावळ्याच्या दवाखान्यात रेणुका नंबरची वाट बघत होती, पण तिचे कान केव्हाच शेजारच्या बाकावर जाऊन बसले होते. तिथं कुसगावचे मारुतीआबा एका अनोळखी बाईपाशी मन मोकळं करत होते.

"डॉक्टर म्हनला, तुमच्या मंडळीच्या रक्तात सेलेनियम कमी हाय. मला वाटलं, ब्याटरीवानी सेल उतारला!"

"मग?"

"म्हनला, रोज अंडं द्या. आन् हिच्या गळ्यात तुळशीची माळ! मग मी गुपचूप बटाट्याच्या भाजीत उकडलेलं अंडं कुस्करायचो."

"अगं बया! तिला कळलं न्हाई?"

"न्हाई. चाटूनपुसून खायची. दिवाळीत गेली. माळकरणीला बाटवली मी, बाई. आता डॉक्टर मलाबी अंडं खा म्हनतोय, पण घास उतरत न्हाई."

"कदी काय बोललीच न्हाई ती?"

"न्हाई. ती भाजी ताटात आली की माळ काढून देवापुढं ठिवायची. म्हनायची, मणी टोचत्यात."

"आन् दुसरं कालवण असलं की?"

"तवा न्हाई टोचायचे."



"आबा, घरी गेल्यावर अंडं खावा."