झाकण आमचं, आवाज कोणाचा?

दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई आणि काउंटरमागे कारागीर.

"प्लेअरची फुगलेली बॅटरी बदलली. आता दिवसभर वाजेल."

"अहो, पण हा आमच्या ह्यांचा आवाज नाही! ते गेल्यापासून त्यांच्या गाण्याचं एवढंच रेकॉर्डिंग उरलंय."

"झाकणावरचा ओरखडा तुमचाच ना?"

"ओरखडा आमचाच. आत भलतंच कोणीतरी गातंय."

"काल असे दोन प्लेअर उघडले होते… झाकणं अदलाबदल झाली वाटतं."

"मग आमचा कुठाय?"

"एक गृहस्थ घेऊन गेले. इथेच ऐकला त्यांनी."

"आणि काही बोलले नाहीत?"

"डोळे पुसले. म्हणाले, बाबांचाच आवाज."

"असं कसं होईल?"

"मलाही कळेना. फोन लावू त्यांना?"

"लावा. नको, थांबा. पुन्हा वाजवा बघू. ह्यांचा आवाज मीच तर विसरले नाही ना?"