भिंतीवर वाळणारे बूट

—माझेच आहेत ते. भिंतीवरचे पांढरे बूट ना, माझेच. तुम्ही बसा चंपतराव, ती खुर्ची नको, तिचा एक पाय आखूड आहे, इकडं बाजेवर बसा. भाच्यासाठी पोरगी पाहाले मौद्यावरून आले आणि आधी शेजारणीच्या घरी आले, हे बराबर केलं. पोरीच्या घरी विचारून काय समजते – पोहे कसे झाले ते समजते. बाकीचं शेजारीच सांगन. तशीही पोरीच्या बापाची, गोपाळरावची, ड्युटी चारले सुटते, तोवर चहा घ्या. तर विचारा. पुन्हा बूटच का – सांगितलं ना, माझे. भिंत दोन्ही घराच्या मधात आहे, पण वाळवण माझं असते. प्रेमिला कशाले बूट घालन, ती साधी चप्पल घालते आणि खाली पाहून हळू हळू चालते. एकदम हळू.

आता बाईमाणसाले या वयात बूट कशाले, म्हणाल तुम्ही. तर गुडघ्यासाठी. डॉक्टरनं सांगितलं सकाळी चाला, मी म्हटलं चालाचंच आहे तर पळूनच घेते, टाइम वाचन. दोन महिने झाले. म्हणून तर तुमाले सांगू शकते हा बूट कसा आहे, उद्या तुमच्या घरी कोणाले लागला तर. बर्डीच्या दुकानातून घेतला, होता त्यात सगळ्यात सस्ता. दुकानदार आधी चामड्याचा दाखवत होता – जड, विटेसारखा. मी एका हातात तो घेतला, एका हातात हा कापडाचा, आणि म्हटलं, भाऊ, तो घालून पोरगी पळन का बैलासारखी बंडी ओढन – म्हणजे मी. मी पळीन का, असं म्हटलं.

वजन मी स्वतः केलं. दुकानदाराच्या तोंडावर काय विश्वास ठेवता. आमच्या दारावर कवडू भाजीवाला येते, त्याच्या तराजूत टाकला – एका पारड्यात बूट, एका पारड्यात वांगे. पाव किलोच्या आतच भरला. कवडूनं मग ते पारडं माझ्याच नळावर धुतलं आणि दोन दिवस आमच्या गल्लीत आला नाही. पण हलका आहे हे पक्कं झालं. तळ पातळ आहे, डांबरी रस्त्यावर काही नाही, खामल्याकडं मुरूम लागला की एक एक खडा समजते. दव पडलं की पाणी पिते, आणि मग वाळाले दिवसभर घेते, म्हणून तर भिंतीवर चढवावा लागते आणि येणारा-जाणारा विचारते. दीड महिन्यात अंगठ्यापाशी रबर सुटलं. सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्यूशन आणून चिकटवलं, तेव्हापासून सुटलं नाही. इतकं सगळं पाहून दुसरा जोड घेतला तो हाच घेतला, आता त्यावरून तुम्हीच समजा.

पायाकडं काय पाहून राहिले? हो, हा तोच. दुसरा जोड. हाही माझाच – एका बाईले दोन जोड नसतात का? घरात काहून घातला म्हणजे... चहा ओतू नका बशीत, सांडन. घरात घालते कारण नवा बूट चावते, चंपतराव. हा एकच खरा दोष त्याचा. आठ दिवस टाच सोलून काढते, त्याले आधी कोणाचं तरी कातडं पाहिजे. म्हणून मी आठ दिवस घालते – झाडू मारताना, नळावर, भाकरी टाकताना, टाचेले खोबरेल लावून – आणि मऊ झाला की मग तिले देते.

निघून गेलं तोंडातून.

आता निघालंच तर ऐका. आमचा पाय सारखा आहे, पाच नंबर. मले पोरगी नाही. तीन पोरं आहेत, तिघांचेही पाय बापावर गेले, फावड्यासारखे. या पोरीचा पाय तेवढा माझ्यासारखा निघाला, कोण कोणाची ती. तर पळते ती. पहाटे पाचले. माय तिची, सत्यवती, म्हणाली वच्छलाबाई संगं असतील तर जा. म्हणून मी जाते, आधी नुसती नाल्याच्या पुलियावर बसून तिच्या चकरा मोजत होती, मग एक दिवस कुत्रं मागं लागलं तेव्हा समजलं की मलेही येते. मी अनवाणीच पळते, मले सवय आहे, लग्नाच्या आधी शेतात पळतच जात होती. मग चौदाव्या वर्षी लग्न झालं, मग कुठं जाता पळत. गोपाळरावले माहीत नाही. त्याले वाटते आम्ही दुधाच्या केंद्रावर जातो आणि लाइन मोठी असते. सव्वा तास. दोन महिने झाले तो माणूस लाइनीवर चिडून राहिला, वर अर्ज करतो म्हणे, मीच थांबवलं.

रविवारी पोलीस भरतीची धाव आहे तिची. सकाळी सातले. आज गुरुवार, बूट अजून टाचेले जरा कडक आहे, आणि तुम्ही रविवारी पाहण्याचा कार्यक्रम ठरवाले आले. तुम्ही रविवार म्हटलं की गोपाळराव हो म्हणन, पोरीच्या बापाले नाही म्हणता येते का? आणि पोरगी सातले मैदानावर राहाच्या ऐवजी तुमच्यापुढं पाटावर बसन, खाली पाहून.

नाही, लग्न नको असं मी म्हणत नाही. लकडगंजचे लोक आले होते दिवाळीआधी, त्याईले मी सांगितलं पोरगी झोपेत चालते. फार खोटं नव्हतं, पहाटे पाचले ती अर्धी झोपेतच असते. पण ते लोक गेले, आणि सत्यवती तीन दिवस रडली, आणि माझ्याच घरी येऊन रडली – वच्छलाबाई, काय कमी आहे माझ्या पोरीत? मी तिले चहा करून दिला. दुसरं काय करता. अजून सांगितलं नाही तिले. म्हणून तुमाले खरं सांगून राहिली, बुटाचं सोडून. तुमचा भाचा चांगला आहे, माझी मावसबहीण अंजनाबाई मौद्यालेच राहते, तिचं कार्ड आलं. शाळेत मास्तर आहे, पोराईले मारत नाही. त्याले फक्त इतकं विचारा, बायको पहाटे पळाले गेली तर चालन का. नाही म्हणाला तर बसभाडं वाया घालू नका. हो म्हणाला तर सोमवारी या, पोहे मी करीन.

आता तुमचे बूट. फाटकापासून लंगडत आले तेव्हाच पाहिलं मी, नवे आहेत, आजच्यासाठीच घेतले असतील. काढा. काढा म्हणते ना – हे पाहा, फोड आला. हे तेल लावा. बूट इथंच राहू द्या, माझा मोठा घालून फिरन, त्याच्या पायात तीन दिवसांत सैल होतात. तुम्ही आमच्या यांच्या चपला घालून जा. अंगठा तुटला आहे एकीचा, सेफ्टीपिन लावली, बसस्टँडवर पोचवन. गोपाळरावकडं अशा चपलेत नका जाऊ, मुलाकडचा माणूस दुसऱ्याची तुटकी चप्पल घालून आला, बरं दिसत नाही ते. आज सरळ घरी जा. सोमवारी बूट न्याले या. रविवारी नका येऊ, रविवारी दोन्ही घराले कुलूप आहे.

तो डावा सोडा हातातला, चंपतराव. बस चुकन.