आठशे एकावा शब्द

लेख कापा रे, पण शेपटाकडून कापू नका. का, ते सांगतो.

आमची घोडपदेवची चाळ पाडून टॉवर बांधायचा बिल्डरचा बेत आहे. त्यावर मी एका मासिकासाठी लेख लिहिला. संपादक लीना माझी कॉलेजची मैत्रीण, पण शब्दमर्यादेच्या बाबतीत ती सख्ख्या भावाचंही ऐकणार नाही. आठशे म्हणजे आठशे. चाळीचा इतिहास, गॅलरीतली भांडणं, बिल्डरच्या अटी, सगळं कोंबून मी लेख आठशे एकवर आणला आणि पाठवून दिला. एका शब्दाने काय होतंय?

अंक आला त्या सकाळी चाळ कमिटीचे कांबळेकाका दारात उभे. "काय रे, आम्ही होकार कधी दिला? बिल्डरचा माणूस खाली पेढे वाटतोय!"

मी अंक उघडला. माझं शेवटचं वाक्य होतं, 'या अटींना चाळीने होकार दिला नाही.' छापलं होतं, 'या अटींना चाळीने होकार दिला.'

लीनाला फोन लावला, स्पीकरवर. ती शांतपणे म्हणाली, "एक शब्द जास्त होता, म्हणून शेवटचा काढला. वाक्य तर पूर्ण होत होतं की रे."

"अगं, चाळ जाईल आमची!"

"बरं, पुढच्या अंकात खुलासा टाकते. पण जागा नाहीये हां. किती शब्द हवेत?"

कांबळेकाका फोनकडे वाकले. "जास्त नको ताई. तुम्ही काढलात ना, तेवढा एकच परत द्या."