हात मांडीखाली

…काढा की पोरीचं नाव शाळेतनं, नको कोण म्हणतंय, पण आधी बसा — तीच खुर्ची, हो, बुटकीच आहे, गुडघे कानाला लागतील, लागू द्या, ह्या बालवाडीत मोठ्यांच्या मापाचं काही मिळत नाही. आणि हात मांडीखाली. हसताय काय, खरंच सांगतेय — इथं येणाऱ्या प्रत्येक आईबापाला हाच नियम, कारण मोठ्या माणसांचे हात फार आगाऊ. मागे एकाचे आजोबा आले, रिटायर्ड साहेब, मला नियम सांगता काय म्हणाले, आणि बसले हात मोकळे सोडून — बसल्या बसल्या एकाचा शर्ट खोचला, दुसरीचं नाक पुसलं, आणि तिसऱ्यानं सकाळपासून खपून रचलेला पूल ‘जरासा सरळ’ केला. गडगड गडगड! पोरगं राहिलं बाजूला, आजोबाच रडकुंडीला आले. मग त्या पोरानंच त्यांना शेजारी बसवून ठोकळे लावायला शिकवले.

काय म्हणता? इतक्या महिन्यांत वहीत एक अक्षर नाही? नाहीच्चे. वहीच नाही तर अक्षर कुठलं — आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! शेजाऱ्यांचा मुलगा शंभरापर्यंत म्हणतो? म्हणू दे बापडा, पाहुणे आले की स्टुलावर उभं करत असतील त्याला. तुमची भिंगरी — आम्ही भिंगरी म्हणतो हं तिला, तिनंच ठेवलंय स्वतःचं नाव — ती बघा, नळापाशी. उठू नका! दिसतंय मला, किटली जड आहे, पेला लहान आहे. आली तेव्हा पाण्याला बोट लावायची नाही, फ्रॉक भिजेल म्हणून. आता बघा — सांडलं! सांडलं ना? हात, हात! नुसतं बघा. दचकली? नाही. आपल्याकडं बघितलं? नाही. फडकं कुठं असतं ठाऊक आहे तिला, पुसतेय, पिळतेय — फरशीवरच पिळतेय, असू दे, उद्या बादलीत पिळेल. आणि परत भरायला घेतलंन् किटलीतनं. ह्याला अभ्यास नाही तर काय म्हणायचं? ती ठोकाठोक होय, तो आमचा मिस्त्री, चार वर्षांचा, खरे खिळे, खरा हातोडा. हो, लागतं की बोटाला. एकदा लागतं, मग बोट आपोआप शहाणं होतं.

माझी नात? आहे ना, हिच्याच वयाची. नाही, इथं नाही येत. अहो, तुम्ही तर पोलिसासारखं विचारताय — जाते ती, मोठ्या शाळेत, टाय लावून जाते, झालं समाधान? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ना, तसं. सूनबाईनं ठरवलं, मुलानं मान डोलावली — आई, तुझं सगळं खरं गं, पण पोरगी मागं पडायला नको. कोण म्हणतंय, तर जो ह्याच खोलीत वाळूत लोळून मोठा झाला तो! असो, ज्याची त्याची पोर. नात हुशार आहे हो, अक्षर कसं मोत्यासारखं, शंभरच्याही पुढं म्हणते. रविवारी येते माझ्याकडं. परवा मी तिच्यापुढं मातीचा गोळा ठेवला. तर ही हात मागं बांधून उभी. म्हटलं, घे की गं. तर म्हणते, आजी, काय करायचं ते सांग ना. म्हटलं, तुला वाटेल ते कर. तर तिला — तिला काही वाटेचना. बराच वेळ उभी राहिली आणि मग रडायलाच लागली, चुकेल म्हणून. माझी नात हो, मातीच्या गोळ्याला भिऊन… नाही, काही नाही, कचरा गेला डोळ्यात, हा मिस्त्री फार उडवतो. तुम्ही खुशाल नाव काढा, तुमची लेक आहे, पण तिला अजून काहीतरी वाटतं हो, आतून वाटतं, तेवढं तरी तिचं —

थांबा. कुठं निघाली ही पेला घेऊन? काठोकाठ भरलाय. बसा, बसा, तुमच्याकडंच येतेय, बापाला तहान लागली असं वाटलं असेल — अगं, बाबा इकडं आहेत. मला? मला कशाला गं राणी, मी कुठं मागितलं… मी रडतेय म्हणून?

कुणी सांगितलं गं तुला आणायला?

कुणीच नाही?

बरं. पिते. सगळं पिते, जा तू.

काय म्हणालात? नावाचं राहू दे? बरं, राहू दे. मग न्यायला या नेहमीच्या वेळेला. आता निघा बघू — अहो, असे बघत काय उभे राहिलात, निघा ना.