राहीची पहिली आणि अकरा दहाची मालगुंड

...नाही, पण मला सांगा, मी का ठरवायचं? मी कंडक्टर माणूस हो! एकोणीस वर्षं झाली रत्नागिरी डेपोत, किती माणसं चढली, किती उतरली, एकानं तरी विचारलंन का मला, "ओ कंडक्टर, मी कुठं उतरू?" माणूस सांगतो, मी तिकीट देतो, सुट्टे मागतो, संपला विषय! माझ्या हातात आहे काय, तर घंटीची दोरी. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. आणि असल्या माणसाला शाळेत बोलावून, खुर्चीत बसवून, वर चहा पाजून बाई काय म्हणतात? "गुरुप्रसादराव, राहीला पुन्हा पहिलीत बसवायचं की दुसरीत पाठवायचं... शेवटी निर्णय तुमचा!"

राही म्हणजे माझी मुलगी. एकुलती एक. डिसेंबरचा जन्म, म्हणून वर्गात सगळ्यांत लहान, आणि आवाज सगळ्यांत मोठा. तुम्हाला सांगतो, सहा वर्षांची पोर, पण रत्नागिरी सोडली की शिरगाव, आरे, वारे, भंडारपुळे, गणपतीपुळे, मालगुंड... सगळे थांबे एका दमात म्हणते, हाफ तिकिटासकट! हे मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "हुशार आहे हो, कोण नाही म्हणतंय? पण वाचनात मागे आहे. क येतो, म येतो, ळ येतो, पण 'कमळ' समोर ठेवलं की तिन्ही अक्षरं एकमेकांना ओळख म्हणून देत नाहीत. वाचनाच्या तासाला सगळं लक्ष खिडकीबाहेर!" म्हटलं, मग करा नापास. बाई दचकल्याच! "अहो, हळू! तो शब्द आता शाळेत काढायचा नसतो. नियमानं ती दुसरीत जाणारच. पण लहान आहे, एक वर्ष पाया पक्का होऊ दे असं तुम्हाला वाटत असेल, तर ह्या कागदावर खूण करा. एक मेला निकाल आहे, त्याच्या आधी द्या. पहिलीत ठेवा, दुसरीत घाला, दोन्ही बरोबर आहे." दोन्ही बरोबर! अहो, ज्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं बरोबर, तो प्रश्न मला कशाला घालता? मी तर एकच उत्तर बरोबर असलेल्या प्रश्नांत गचकलेला माणूस!

हो, गचकलोय. लपवू कशाला? पाचवीत. आणि जूनमध्ये दार ढकलून वर्गात आला कोण? माझा सख्खा धाकटा भाऊ संदेश! येऊन बसलान कुठं, तर माझ्याच बाकावर. गुरुजी हजेरी घ्यायचे, "मोठा हजर... धाकटा हजर..." की सगळी पोरं फिदीफिदी हसणार, आणि मी बाकाखाली वाकून पडलेली पेन्सिल शोधणार. वर्षभर एकच पेन्सिल शोधली मी! आज सांगताना मीच हसतोय, पण तेव्हा पोटात खड्डा पडायचा हो. माझ्या पोरीच्या पोटात तो खड्डा पडता कामा नये, एवढं एकच मला कळत होतं. पण दुसरीत जाऊन 'कमळ' आलं नाही तर? तिथं पोरं हसणार नाहीत? म्हणजे खड्डा इकडेही, खड्डा तिकडेही, आणि निर्णय? माझा!

घरी आलो, बायकोसमोर कागद ठेवला. आता तेजस्वी म्हणजे कशी... आमच्याकडे आज बांगडा की डाळ, तेजस्वी ठरवते. भिंतीला रंग कुठला, तेजस्वी. लग्नाला कुठल्या जायचं नि कुठलं टाळायचं, तेजस्वी. माझ्या अंगावरचा खाकी शर्ट तेवढा महामंडळानं ठरवलेला, बाकी सगळं तिचं. म्हटलं, सुटलो! तर कागद वाचलान, घडी घातलीन, परत माझ्याच खिशात ठेवलान आणि म्हणते, "मी काही बोलणार नाही हो. उद्या काही झालं तर जन्मभर मला ऐकवाल. पाया कच्चा राहायला नको, हे मी बोलणार नाही. पोरीचं मन मोडायला नको, हेसुद्धा मी बोलणार नाही. तुम्ही बाप आहात. निर्णय तुमचा!" पंधरा वर्षांच्या संसारात पहिला निर्णय मिळाला, तो हा!

मग दुसऱ्या दिवशी माझंच चुकलं. गाडीत बोललो! एस.टी.त कंडक्टरनं एक वेळ डुलकी घ्यावी, पण घरचं बोलू नये. नुसतं तोंडातून निघालं आणि अख्खी गाडी उठली हो! यमुनाबाई, आमची रोजची मासेवाली, टोपलीवरचा हात न काढता ओरडली, "अरे गुरू, पोर म्हणजे काय बारका मासा आहे, परत पाण्यात सोडायला? जाऊ दे पुढं!" तर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एक रिटायर मास्तर, ते पायावरच अडून बसले. "पाया! पाया! चिऱ्याचं घर बांधताना पहिलाच थर वाकडा गेला तर? काय होईल, सांगा, काय होईल?" झालं, डावीकडच्या सीटा पहिलीत, उजवीकडच्या सीटा दुसरीत! खिडकीतल्या एका मुंबईकरानं इंग्रजीत काहीतरी सांगितलंन, ते कुणालाच कळलं नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या. आणि आमचा ड्रायव्हर बाबू! आरे-वारेच्या चढावर गाडी बाजूला घेतलीन, इंजिन बंद केलंन, मागं वळून म्हणतो, "थांबा, मलापण बोलायचंय!" मालगुंडला पंचवीस मिनिटं उशीर. कारण काय लिहू? 'राहीची पहिली'? आणि एवढं भांडून उतरताना प्रत्येकजण दारात थांबून, माझ्या खांद्यावर हात ठेवून, एकेक करून... "बघ बाबा. शेवटी निर्णय तुझा!"

एवढ्या भांडणातही राहीच्या शाळेच्या वळणावर बाबूनं हॉर्न दिलान हां. ते आमचं रोजचं. बरोब्बर अकरा दहाला गाडी त्या वळणावर येते. तिथं पाटी आहे, 'पुढे शाळा आहे, हॉर्न वाजवू नये.' तर बाबू नेमका तिथंच पोंऽऽ पोंऽऽ करणार, पहिलीच्या खिडकीतून राहीचा हात हलणार, मी दारातून हात हलवणार. आठ तासांच्या ड्युटीतलं तेवढं एक मिनिट माझं.

तर आई म्हणाली, "माणसांना कसलं विचारतोस? देवाला विचार. कौल लाव!" गेलो देवळात. विठू गुरवानं देवाला दोन ओल्या पाकळ्या लावल्यान, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी पडली तर पहिलीत ठेव, डावी पडली तर दुसरीत घाल. आणि गाऱ्हाणं घातलंन, काय विचारता! "बा देवा महाराजा, आज तुझं लेकरू शैक्षणिक अडचणीत पडलेलं आहे..." आम्ही मागून, "होय महाराजा!" दहा मिनिटं झाली, पाकळी हलत नाही. वीस मिनिटं. आईचे हात जोडून दुखायला लागले. माझी नजर उजवीवर, मग डावीवर, मग उजवीवर... आणि तुम्हाला सांगतो, शपथ घेऊन सांगतो, दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या! टप्! एकदम! विठू बघतच राहिलान. चाळीस वर्षांत असा कौल बघितला नव्हतान. बराच वेळ डोकं खाजवलंन आणि म्हणालान, "गुरू, देवानं दोन्ही वाटा मोकळ्या केल्यान. म्हणजे देवाचं म्हणणं असं दिसतंय... की निर्णय तुझा!"

देवसुद्धा!

एप्रिलची तीस तारीख उजाडली. दुपारी कागद आणि पेन घेऊन ओटीवर बसलो, शेजारी राही कैरीला मीठ लावून खात होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की आपण गाडीला विचारलं, गुरवाला विचारलं, देवाला विचारलं, पण जिचं तिकीट, तिला विचारलंच नाही! म्हटलं, "राही, परत पहिलीत बसशील की दुसरीत जाशील?"

तर म्हणते, "दुसरीची खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

म्हटलं, "मागं. पोफळीच्या बागेकडे."

"मग मी पहिलीत."

"का गं?"

"दुसरीतून बस दिसत नाही."

"अगं, पण बस काय रोज बघायची?"

तर कैरी खाली ठेवलीन आणि मला समजावून सांगते, "बाबा, तुला कळत नाही. अकरा वाजले की बाई वाचायला घेतात. मग मी बघत बसते, बस आली का, आली का. मग तू येतोस. मग मी बघत बसते, बस गेली का, गेली का. तोपर्यंत बाईंचं 'कमळ' होऊन जातं!"

मी गार! अहो, सगळा मुलूख पालथा घातला मी, पोरगी मागं राहिली, तिचं काय करू म्हणून, आणि मागं ठेवली कुणी? मी! अकरा दहाच्या मालगुंडनं! रोज पोंऽऽ करून मीच तिचं 'कमळ' पळवत होतो आणि वर तिलाच विचारत होतो, बसतेस की जातेस! वाईट वाटलं हो, फार वाईट वाटलं. उचललं पेन आणि केली खूण दुसरीवर. दिली डबल बेल! राही जी रडली, ती वाडीतल्या सगळ्या घरांना ऐकू गेली. आणि बाबूला बजावलं, जूनपासून वळणावर हॉर्न बंद. तेजस्वी म्हणालीन, "मला वाटलंच होतं तुम्ही हेच करणार." मग आधी बोलायला काय झालं होतं?

मे महिनाभर रोज संध्याकाळी आम्ही बापलेक वाचत बसायचो. आंब्याच्या पेटीवरची नावं, गोणीवरची अक्षरं, लग्नाच्या पत्रिका... ती बोट फिरवायची, मी घाम पुसायचो. जमतंय की नाही, काही कळेना.

जून आला, शाळा सुरू झाली. वळण आलं की बाबूचा हात हॉर्नवर जायचा, मी म्हणायचो "नको." मीसुद्धा दाराकडे पाठ करून उभा राहायचो. बघायचंच नाही! चार दिवस माझं ते मिनिट असंच मुकं गेलं. आणि पाचव्या दिवशी वळणावर बाहेरून आवाज, "बाबा! बाऽऽबा! पाटी!" वळून बघतो तर राही! शाळेच्या दगडी गडग्याला चिकटून उभी, बोट आमच्या गाडीच्या कपाळाकडे, आणि मोठ्यानं, एकेक अक्षर जोडत, "गु... हा... गर! बाबा, गुहागर लावलंय! चुकलंय तुमचं!"

बाबूनं करकचून ब्रेक मारलान. उतरून बघतो तर खरंच हो! गाडी मालगुंडची, पाटी गुहागरची! सकाळपासून तशीच. डेपोत कुणी बघितली नाही, मी नाही, बाबूनं नाही, यमुनाबाई तर पाटी वाचून कधी चढलीच नाही, ती बाबूचं तोंड बघून चढते. अख्ख्या गाडीची चूक वाचलीन कुणी? जिला 'कमळ' येत नव्हतं तिनं! आणि ही काही पाठ नव्हती हां, पाठ असती तर 'मालगुंड' म्हणाली असती! मी तिथंच रस्त्यात उभा राहून रडलो. खाकी शर्टात. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या, यमुनाबाई म्हणाली, "मी सांगितलेलं!" मास्तर म्हणाले, "पाया पक्का!" म्हणजे दोघंही जिंकले.

म्हटलं, सुटलो. आता आयुष्यात परत काही ठरवायला नको!

त्याच संध्याकाळी बाईंचा फोन. "गुरुप्रसादराव, अभिनंदन! राहीचं वाचन झकास चाललंय. फक्त एक आहे... रोज, बरोब्बर अकरा दहाला, तिला लघवीला लागते. खोटं आहे, कळतं हो मला. पण एखाद्या दिवशी खरंच लागली असेल तर? सोडू की नको सोडू? तसं बघितलं तर दोन्ही बरोबर आहे..."

आता तुम्हीच सांगा मला. सोडावी की नको? अहो, हसताय काय, सांगा की! ...काय? मागून कोण बोललं? काय म्हणालात?

...हां. तेच. ठाऊक होतं मला.